पार्श्वभूमी : नेटसीडीएफ सोर्समधून बिल्ड करायला चार पॅकेजं का लागतात

पुण्यात पाषाण असो की शिवाजीनगर, हवामानाचं मॉडेल चालणाऱ्या मशिनवर नेटसीडीएफ, म्हणजे डेटा फाइलमध्ये ठेवण्याचं स्वरूप आणि ते वाचणारी-लिहिणारी लायब्ररी, लागतंच. उबंटूवर ते एका कमांडमध्ये मिळतं. तरी झेडलिब (कॉम्प्रेशनची लायब्ररी), एचडीएफ-५ (डेटा साठवण्याचं आणखी एक स्वरूप आणि त्याची लायब्ररी), नेटसीडीएफ-सी आणि शेवटी नेटसीडीएफ-फोर्ट्रान (सी आणि फोर्ट्रान या प्रोग्रामिंग भाषांसाठीचे भाग) हा क्रम इथल्या विद्यार्थ्यांना हाताने बिल्ड करावाच लागतो, म्हणजे सोर्स कोडपासून कंपाइल करून घ्यावा लागतो. तो कसा पडला, हे समजून घेतलं की बिल्ड अडल्यावर कुठे पाहायचं तेही कळतं.

नेटसीडीएफ १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत तयार झालं. त्याची गरज पुण्यातूनच निघणाऱ्या पावसाच्या रोजच्या ग्रिड डेटावरून दिसते. पाव अंशाच्या या ग्रिडवर १३५ गुणिले १२९ बिंदू असतात. बायनरी स्वरूपात ३६५ दिवसांच्या वर्षाची फाइल २,५४,२५,९०० बाइटची होते आणि तिच्यात नुसते आकडे असतात. पहिला बिंदू ६.५ अंश उत्तर, ६६.५ अंश पूर्व इथला आहे, किंवा उणे ९९९ म्हणजे नोंद नाही, हे वेगळ्या फाइलमधून कळतं. ती हरवली की डेटा असून नसल्यासारखा. नेटसीडीएफ ही माहिती आकड्यांसोबत एकाच फाइलमध्ये ठेवतं.

२००८पर्यंत बिल्ड सोपं होतं : एक पॅकेज, कशावरही अवलंबून नसलेलं. त्या वर्षी आलेल्या ४.० आवृत्तीने एचडीएफ-५चा पाया घेतला. कॉम्प्रेशन, ग्रुप आणि समांतर लेखन मिळालं, पण एचडीएफ-५ आधी बिल्ड करणं आलं आणि कॉम्प्रेशनसाठी त्याच्याही आधी झेडलिब. नव्या प्रकारची फाइल आतून एचडीएफ-५चीच असते : जुन्या फाइलच्या अगदी सुरुवातीच्या बाइट्समध्ये सीडीएफ ही अक्षरं दिसतात, नव्या फाइलमध्ये एचडीएफ. एचडीएफ-५ची हाय-लेव्हल लायब्ररी बंद करून बिल्ड केलं, तर नेटसीडीएफ-सीचं कॉन्फिगर, म्हणजे मशिनवर काय काय आहे ते तपासणारी बिल्डची पहिली पायरी, थांबतं. एचडीएफ-५ सापडत नाही असा संदेश आला, तरी खरं कारण पुष्कळदा झेडलिबचा चुकलेला पाथ असतो. ते कॉन्फिग लॉगमध्ये, अपयशी ठरलेल्या चाचणीच्या खाली लिहिलेलं असतं.

खरा वादाचा निर्णय २०१२चा. ४.२ आवृत्तीपासून फोर्ट्रानचा भाग सीपासून तोडून वेगळं पॅकेज केला गेला. देखभाल करणाऱ्यांच्या बाजूने कारण रास्त होतं : दोन्ही भागांच्या आवृत्त्या आपापल्या गतीने काढता याव्यात. पण भार पडला तो फोर्ट्रान वापरणाऱ्यांवर, आणि हवामानाच्या क्षेत्रात बहुसंख्य तेच आहेत. त्याच वर्षी सुरू झालेल्या मान्सून मिशनचं मुख्य मॉडेलही फोर्ट्रानचंच. हा तोटा तेव्हा पुरेसा तोलला गेला नाही, असंच म्हणावं लागतं.

अडचण मोड फाइलची आहे, म्हणजे फोर्ट्रान मॉड्यूलची माहिती ठेवणाऱ्या, कंपायलरने बनवलेल्या फाइलची. सीची लायब्ररी एका कंपायलरने बनवून दुसऱ्याने लिंक केली तरी बहुधा चालते. फोर्ट्रानची मोड फाइल मात्र ज्या कंपायलरने बनवली त्याच्याशीच बांधलेली. जीफोर्ट्रानने केलेली नेटसीडीएफची मोड फाइल इंटेलचा कंपायलर वाचत नाही. जीफोर्ट्रानच्याच दोन लांबच्या आवृत्त्यांमध्येही 'वेगळ्या आवृत्तीने बनवलेली फाइल' म्हणून काम थांबतं. तयार पॅकेज असूनही सोर्सकडे वळावं लागतं ते यामुळे. म्हणून प्रत्येक कंपायलरसाठी वेगळा प्रीफिक्स (इन्स्टॉल करण्याचं फोल्डर) ठेवावा आणि चारही पॅकेजं त्या एकाच प्रीफिक्समध्ये टाकावीत. डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल सी आणि फोर्ट्रान या दोन्ही लायब्ररी सहसा एकाच फोल्डरखाली शोधतं. त्या वेगळ्या ठेवल्या की पुष्कळदा सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलकडे नेणारे दुवे) जोडत बसावं लागतं.

फोर्ट्रानच्या टप्प्यावर आणखी एक फसवा संदेश येतो : 'सी कंपायलरचे प्रोग्राम चालवता येत नाहीत'. कंपायलर ठीक असतो. नुकतीच टाकलेली सीची लायब्ररी एलडी लायब्ररी पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी जिथे शोधल्या जातात त्या यादीत, नसल्याने कॉन्फिगरचा चाचणी प्रोग्राम सुरूच होत नाही. स्टॅटिक लिंक करताना (लायब्ररी प्रोग्राममध्येच भरताना) क्रमही पाळावा लागतो : आधी फोर्ट्रान, मग सी, मग एचडीएफ-५ची हाय-लेव्हल लायब्ररी, मूळ एचडीएफ-५ आणि शेवटी झेडलिब. २०२०मध्ये जीफोर्ट्रान १० आलं आणि आर्ग्युमेंटचे प्रकार न जुळणं ही सूचना न राहता चूक ठरली. जुनी नेटसीडीएफ-फोर्ट्रान त्यावर बिल्ड करताना 'अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच' हा फ्लॅग द्यावाच लागतो.

मधल्या काळात एचडीएफ-५ही बदलत होतं. २०१६च्या १.१० आवृत्तीत फाइल लॉकिंग आलं. एक प्रोग्राम लिहीत असताना इतरांना वाचता यावं, या सोयीचा तो भाग. पण महासंगणकांच्या ज्या समांतर फाइल सिस्टिमवर लॉकची सोय चालू नव्हती, तिथे कालपर्यंत उघडणारी फाइल उघडेना. १.१०.१पासून 'एचडीएफ-५ यूज फाइल लॉकिंग' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल फॉल्स केलं की काम होतं. दोन प्रोग्राम एकाच फाइलमध्ये लिहिणार नाहीत, याची काळजी मग आपल्यावर.

ताजा बदल एचडीएफ-५च्या २.० आवृत्तीचा. तिच्यात बिल्डच्या दोन साधनांपैकी ऑटोटूल्स (कॉन्फिगर स्क्रिप्ट त्यातलीच) काढून फक्त सीमेक ठेवलं आहे. प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं हातोहात फिरणाऱ्या बिल्ड स्क्रिप्ट कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल याच चालीच्या असल्याने एचडीएफ-५च्या १.१४ मालिकेपर्यंतच चालतात. पुढच्या आवृत्तीचा टारबॉल (सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) त्यांना दिला, तर कॉन्फिगर नावाची फाइलच नाही म्हणून त्या पहिल्याच पायरीवर बंद पडतात.