सूट किती टक्के, आणि कशावर?

शेवेच्या एका पाकिटावर ‘50% जादा मोफत’ लिहिलंय आणि शेजारच्यावर ‘33% सूट’, तर हात आपसूक पहिल्याकडे जातो. आता हिशेब करून बघा. समजा मूळ पाकीट 100 ग्रामचं, किंमत 60 रुपये. पहिल्या योजनेत 60 रुपयांत 150 ग्राम शेव मिळते, म्हणजे ग्रामला 40 पैसे. दुसऱ्यात तेच 100 ग्राम 40 रुपयांत. तेही ग्रामला 40 पैसेच! दुकानदाराने सूट 35 टक्के केली, तर दिसायला लहान असलेला हा आकडाच जास्त फायद्याचा ठरतो.

अमेरिकेतल्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष दुकानात तपासलं. हातांना लावायच्या लोशनवर कधी ‘जादा माल’ ठेवला, कधी त्याच तोलाची सूट. जादा मालाच्या वेळी खप 73 टक्क्यांनी जास्त झाला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवलं की टक्केवारी वाचताना ती कशाची आहे, याकडे आपलं लक्षच जात नाही. ‘20 टक्के सूट, त्यावर आणखी 25 टक्के’ ऐकलं की मनात 45 टक्के उमटतात, पण दुसरी सूट कमी झालेल्या किमतीवर मिळते. शंभराचे ऐंशी, ऐंशीचे साठ. एकूण सूट 40 टक्के.

यामागे भूलथापेपेक्षा आपल्या मेंदूची सवय जास्त आहे. वस्तू महाग की स्वस्त, हे मन कुठल्यातरी दुसऱ्या किमतीशी ताडून ठरवतं. 2017 चे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी मांडलं, की खरेदीत आपल्याला दोन वेगळी सुखं मिळतात: वस्तूचं, आणि सौदा चांगला जमल्याचं. या दुसऱ्या सुखापायी घरात न लागणारी वस्तूही पिशवीत पडते. आपल्याकडे ताडून बघायला छापील एमआरपी आयतीच असते. पण एमआरपी ही कमाल मर्यादा आहे, बाजारभाव नव्हे. तिच्यापेक्षा 30 रुपये कमी घेतले म्हणजे 30 रुपये वाचलेच, असं होत नाही.

कूपनाचं गणित आणखी निराळं. ‘499 च्या खरेदीवर 50 रुपये सूट’ असं कूपन आहे आणि यादीतलं सामान 430 चं झालंय. मग 70 रुपयांचं काहीतरी टाकलं, 500 झाले, 50 गेले, दिले 450. ती वस्तू पुढच्या आठवड्यात लागणारच असेल तर 70 चा माल 20 रुपयांत मिळाला, फारच छान. नसेल, तर 20 रुपये जास्त गेले. म्हणून यादी आधी करावी आणि कूपन नंतर बघावं, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याने ग्राहकाच्या हाती एक चांगलं साधन दिलंय आणि ते फार कमी लोक वापरतात, याची मला खंत वाटते. पाकीटबंद मालाच्या नियमांत 2021 मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार एमआरपीबरोबर एकक किंमतही छापावी लागते: किलोपेक्षा कमी वजनाला ग्रामचा दर, जास्तीला किलोचा. 400 आणि 450 ग्रामच्या पोह्यांची तुलना तिथे एका नजरेत होते. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं, हा समजही तिथेच तपासता येतो. सूट असेल तेव्हा मात्र द्यायची रक्कम वजनाने भागून बघावी, कारण छापलेला दर एमआरपीवरचा असतो.

इंदूरच्या सियागंजात दिवाळीच्या फराळासाठी बेसन, रवा, पोहे सुटे घेताना ही अडचण येत नाही. तिथे भाव किलोवरच बोलतात. घोटाळा होतो तो तेलाच्या डब्यात. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा दिसायला जवळपास सारखेच, पण लिटरभर सोयाबीन तेलाचं वजन साधारण 910 ग्राम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या डब्यात 13 किलो 650 ग्राम तेल असतं. तो डबा 9 टक्के स्वस्त मिळाला, तरी दोन्हींचा भाव सारखाच पडतो.