समजावणं थांबलं की बदलाला जागा मिळते

मानसोपचारात एक संवाद वारंवार घडतो. थेरपिस्ट सुचवतो, "रोज संध्याकाळी वीस मिनिटं फिरून या." समोरून उत्तर येतं, "हो, पण तोवर अंगात त्राण उरत नाही." मग सकाळी? "सकाळी उठवतच नाही." अशा चार फेऱ्या झाल्या की फाइलवर नोंद पडते : उपचारांना विरोध.

पण हा विरोध त्या व्यक्तीने सोबत आणलेला असतो, की तिथेच तयार होतो? जेराल्ड पॅटरसन आणि मॅरियन फॉर्गाच यांनी १९८५ मध्ये हे तपासलं. थेरपिस्टनी ठरवून काही वेळ शिकवायचं, चुका दाखवायच्या. मग काही वेळ ते थांबवायचं. मग पुन्हा सुरू करायचं. शिकवणं सुरू झालं की असहकार वाढे, थांबलं की कमी होई. १९९३ मध्ये विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी दारूची समस्या असलेल्यांच्या सत्रांचा अभ्यास केला. थेरपिस्टने जितका वाद घातला, तितकं वर्षभरानंतरचं पिणं जास्त, असं त्यात दिसलं.

कारण साधं आहे. बदलावं की नाही याबद्दल माणसाच्या मनात दोन्ही बाजू असतात. थेरपिस्टने बदलाची बाजू उचलून धरली की समोरच्याकडे न बदलण्याची बाजू उरते. ती तो मांडतो, आणि स्वतःचं बोलणं ऐकून त्याला ती आणखी पटते. शिवाय आपलं स्वातंत्र्य जातंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला उलट वागतो, हे जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्येच मांडलं होतं.

म्हणून बदलाची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत. त्यासाठी शून्य ते दहाची पट्टी वापरतात. "हे बदलणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं?" उत्तर येतं, चार. इथे "चारच? आठ का नाही?" असं विचारलं की अडचणींची यादी मिळते. "दोन का नाही, चार का?" असं विचारलं की कारणं मिळतात. उत्तर शून्य आलं, तर शून्याचे दोन व्हायला काय घडावं लागेल ते विचारावं. मग तीच पट्टी आत्मविश्वासासाठी. महत्त्व नऊ आणि विश्वास दोन असलेल्या माणसाला कारणं पटवत बसणं व्यर्थ आहे. त्याला छोटी, जमणारी पायरी हवी असते.

ऐकलेलं आपल्या शब्दांत परत मांडणं हे या पद्धतीतलं सर्वांत अवघड कौशल्य. एका प्रश्नामागे अशी दोन विधानं, हे चांगलं प्रमाण मानतात. विधानाच्या शेवटी आवाज वर गेला तर त्याचा प्रश्न होतो आणि माणूस सावध होतो. दोन्ही बाजू मांडताना बदलाची बाजू शेवटी ठेवावी आणि मध्ये 'पण' ऐवजी 'आणि' म्हणावं : "दारूने झोप लागते, आणि मुलांसमोर तसं जाणं तुम्हाला सहन होत नाही." माणूस बहुधा शेवटच्या धाग्यावरूनच पुढे बोलतो.

मेंदूविज्ञानाची खरी मदत दोन ठिकाणी होते. एक म्हणजे वेळ. तीव्र ताणात नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनांचं प्रमाण वाढून कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचं काम ढासळतं. तोलून पाहणं, योजना आखणं ही त्याचीच कामं. रागाने किंवा भीतीने थरथरणाऱ्या माणसापुढे युक्तिवाद मांडणं म्हणूनच वाया जातं. आधी श्वास संथ होऊ द्यावा, भावनेला नाव द्यावं. चेहऱ्यांवरच्या भावनांना शब्द दिला की अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाची सक्रियता घटते, असं मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं.

दुसरं म्हणजे चुकलेलं भाकीत. अपेक्षा आणि अनुभव यांत फरक पडला की मेंदू जोमाने शिकतो. म्हणून भीती तपासून पाहण्याच्या प्रयोगाआधी क्लायंटकडून भाकीत लिहून घ्यावं : "मी बैठकीत बोललो तर लोक हसतील, खात्री ८० टक्के." मग बोलायचं, आणि किती जण हसले ते मोजायचं. "काही होणार नाही" असा धीर आधीच दिला, तर आश्चर्य मरतं. तो खाली मान घालून एकच वाक्य बोलला, तर "लपलो म्हणून वाचलो" हाच धडा मिळतो. जुनी भीती यातून पुसली जात नाही. तिच्याशेजारी नवं शिकणं उभं राहतं आणि ते जागेशी बांधलेलं असतं. म्हणून तोच प्रयोग वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांसमोर करावा लागतो.

आठवण जागी करून तीच बदलण्याचे दावे हल्ली फार होतात. त्यांचा पाया २००० मधला उंदरांवरचा प्रयोग आहे. माणसांमधले निष्कर्ष सारखे टिकलेले नाहीत. असा दावा करून उपचार विकणं मला गैर वाटतं.

हे सगळं क्लायंटने निवडलेल्या उद्दिष्टासाठीच वापरावं. मूल होऊ द्यावं का, लग्न मोडावं का, अशा निर्णयांत थेरपिस्टने दोन्ही बाजूंना सारखाच वेळ द्यावा. जिवाला धोका असेल तिथे मात्र वाट न पाहता थेट बोलून सुरक्षेची व्यवस्था करावी.

ठरलेलं काम 'जर-तर' स्वरूपात लिहावं : "ऑफिसमधून आल्यावर बूट काढण्याआधी मी दहा मिनिटं चालेन." अशा योजनांचा मध्यम ते मोठा परिणाम २००६ मध्ये ९४ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसला. तरीही काम झालं नाही, तर "का केलं नाही?" हा प्रश्न टाळावा, तो सबबीच मागतो. कोणत्या क्षणी अडलं ते विचारावं, आणि दहा मिनिटांची दोन करावीत.