आना कारिना

कारिना, आना : (२२ सप्टेंबर १९४०–१४ डिसेंबर २०१९). डॅनिश वंशाची फ्रेंच चित्रपट अभिनेत्री. मूळ नाव हाने कारिन बायर. जन्म डेन्मार्कमध्ये, मात्र जन्मगावाविषयी संदर्भग्रंथांत एकवाक्यता नसून सोल्बियर्ग व फ्रेडरिक्सबर्ग अशी दोन नावे आढळतात.

१९५८ च्या सुमारास ती पॅरिसला आली. तेथील एका कॅफेत जाहिरातक्षेत्रातील एका स्त्रीने हेरल्यामुळे आपल्याला मॉडेलचे काम मिळाले, असे तिने मुलाखतींत सांगितले आहे. ‘आना कारिना’ हे नाव तिला वेशभूषाकार कोको शानेलने सुचवले.

दिग्दर्शक झाँ-ल्युक गोदारने तिला प्रथम पाहिले ते साबणाच्या जाहिरातीत. ही जाहिरात पामोलिव्हची होती असे बहुतेक ठिकाणी म्हटले असले, तरी काही लेखक मोंसाव्हों या फ्रेंच साबणाचे नाव देतात. ‘आ बू द सुफ्ल’ (१९६०) या गोदारच्या चित्रपटातील छोटी भूमिका तिने नाकारली, कारण तीत विवस्त्र व्हावे लागणार होते. जाहिरातीतही फेसाखाली आपण पोहण्याचा पोशाख घातला होता, असे तिने गोदारला सुनावले. हा प्रसंग मुख्यतः तिच्याच कथनातून आला आहे, पण त्यावर अविश्वास ठेवण्यास सबळ कारण दिसत नाही. कॅमेऱ्यापुढे आपण किती दिसावे हे ठरवण्याचा हक्क तिने मॉडेल असल्यापासूनच स्वतःकडे ठेवला होता, हे त्यातून कळते.

गोदारचा ‘ल पती सोल्दा’ १९६० मध्ये चित्रित झाला, तेव्हा ती कायद्याने सज्ञान नसल्याने करारासाठी आईची स्वाक्षरी घ्यावी लागली. फ्रान्सविरुद्धच्या अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाचा संदर्भ असल्यामुळे हा चित्रपट १९६३ पर्यंत बंदीत अडकला. परिणामी प्रेक्षकांसमोर ती आधी आली ती ‘उन फाम ए उन फाम’ (१९६१) मधून, आणि त्यासाठी तिला बर्लिन महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तिने गोदारशी विवाह केला. तो काही वर्षांतच संपुष्टात आला. बारा भागांत रचलेल्या ‘व्हिव्र सा व्ही’ (१९६२) मध्ये डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायरचा जोन ऑफ आर्कवरील मूकपट पाहताना ती रडते. संवादाविना केवळ चेहऱ्यावर तोललेले हे समीपदृश्य (क्लोज-अप) प्रस्तुत लेखकाच्या मते तिच्या अभिनयाचा सर्वोत्तम पुरावा होय. ‘बांद आ पार’ (१९६४), ‘आल्फाव्हिल’ व ‘प्येरो ल फू’ (दोन्ही १९६५) हे गोदारचे चित्रपट याच काळातील.

दिग्दर्शक झाक रिव्हेतच्या ‘ला रलिज्यूझ’ने तिला गोदारच्या छायेबाहेर आणले, १९६६ मध्ये त्यावर बंदी आली व १९६७ मध्ये तो प्रदर्शित झाला. पुढे तिने लुकिनो व्हिस्कोंती व राइनर व्हेर्नर फासबिंडर या दिग्दर्शकांकडेही काम केले. ‘व्हिव्र आंसांब्ल’ (१९७३) व ‘व्हिक्टोरिया’ (२००८) हे तिने स्वतः दिग्दर्शित केलेले चित्रपट. तिचे निधन पॅरिस येथे झाले.