ओढतं कोण, इंजिन की चाक?

उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याचा चढ आरामात चढणारा जुना ५०-५५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर यात्रेच्या मैदानात ओढण्याच्या चुरशीला उतरतो आणि जागेवरच चाकं फिरवत माती उडवत बसतो. बघणारे म्हणतात, इंजिनात दम राहिला नाही. बहुतेक वेळा हे निदान चुकतं. दम भरपूर असतो, तो जमिनीवर उतरत नाही.

आकडेच मांडून बघू. ५० अश्वशक्ती म्हणजे साधारण ३७ किलोवॅट. नांगरटीच्या चालीने, म्हणजे सेकंदाला १ मीटर गेलं, तर एवढी शक्ती हिशेबाने ३,८०० किलो वजनाइतकी ओढ देते. गिअर, डिफरन्शियल आणि चाकांत जाणारा चौथा हिस्सा सोडला तरी २,८०० उरतात. आता दुसरी बाजू. ट्रॅक्टरचं वजन धरा २,३०० किलो. मोकळ्या मातीवर टायरची पकड चाकावरच्या वजनाच्या निम्म्यापासून फार तर साठ टक्क्यांपर्यंत. सगळं वजन मागच्या चाकांवर आलं असं मानलं तरी ओढ १,४०० किलोच्या आतच. खालच्या गिअरमध्ये इंजिन जेवढं देऊ शकतं, त्याच्या निम्मंच मातीला घेता येतं.

किर्लोस्करवाडीत १९१० नंतर लोखंडी नांगर बनू लागले, त्या काळात काळ्या रानात खोल नांगरटीला बैलांच्या तीन-चार जोड्या जुंपाव्या लागत. त्यात एक गोष्ट आपोआप साधायची. जोडी वाढली की ताकदीबरोबर वजन वाढायचं, जमिनीत रुतणारे खूरही वाढायचे. ट्रॅक्टरची अश्वशक्ती दुप्पट केली तरी ओढणारी चाकं दोनच राहतात.

म्हणून चुरशीत उतरणारा जाणता माणूस आधी वजनाकडे बघतो. मागच्या चाकांना बिडाची वजनं लावतो, टायरात पाणी भरतो. १६.९-२८ मापाच्या टायरात व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरलं की एका चाकामागे दोनशे किलोच्या वर वजन वाढतं. आणखी थोडं वजन ओझं स्वतःच देतं. हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे, पुढच्या-मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे आणि ओढ १,२०० किलोची आहे असं समजा. १,२०० गुणिले अर्धा भागिले २, म्हणजे ३०० किलो पुढच्या चाकांवरून उठून मागच्या चाकांवर जातात. पकड वाढते, पण पुढून ट्रॅक्टर तेवढाच हलका होतो. पुढच्या बंपरवर वजनं टांगतात ती यासाठी.

याच हिशेबाच्या लोभाने काही जण साखळी उंच बांधतात, ड्रॉबार (ओढायचा खालचा दांडा) सोडून टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा थेट अॅक्सलला. हे कुणी करू नये, कितीही पैज लागलेली असो. उंच बांधलेली साखळी ताणलेली असताना क्लच झटक्यात सोडला, तर ट्रॅक्टर पुढून उभा राहून मागे उलटायला जेमतेम दीड सेकंद लागतो. तेवढ्यात माणसाचा पाय क्लचवर परत जात नाही. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून टोचन करायच्या, म्हणजे साखळीने एकमेकांना ओढायच्या खेळात हा धोका दोन्हीकडे असतो, वर साखळी तुटून उडण्याचा वेगळाच. अमेरिकेत मिसुरी आणि ओहायोमध्ये १९२९ साली यंत्रांच्या अशा स्पर्धा झाल्या, आणि पुढे तिथे ओझ्याची खास गाडी आली. तिच्यावरची वजनाची पेटी गाडी चालेल तशी पुढे सरकत जाते, त्यामुळे ओझं हळूहळू जड होतं. ३०० फूट पार केलं की पूर्ण ओढ. समोर दुसरा ट्रॅक्टर नाही, साखळीला हिसका नाही. आपल्याकडच्या यात्रा कमिट्यांनी हे उचलावं असं मला मनापासून वाटतं.

आता इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाचं. जुन्या मोठ्या ट्रॅक्टरचं आकर्षण इथेच आहे. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराचे निकष लागू झाले आणि डिझेल सोडायचं काम सेन्सर नि कॉम्प्युटरकडे गेलं. जुन्या एचएमटी ५९११ सारख्या ट्रॅक्टरचा पंप मात्र पान्याने उघडतो. मग सील तोडून डिझेल वाढवायचा मोह होतो. पण टर्बो नसलेलं इंजिन ओढेल तेवढीच हवा ओढतं. हवेपेक्षा डिझेल जास्त झालं की ते अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळा लोट निघतो आणि पिस्टनच्या माथ्यावर उष्णता वाढत जाते. चुरशीचा अर्धा मिनिट ते निभावतं. तोच पंप घेऊन मे महिन्यात दिवसभर पलटी नांगर ओढला की हेड गॅस्केट किंवा पिस्टन जातो. शिवाय वरचा हिशेब बघा: चाक आधीच घसरतंय, तिथे वाढीव शक्तीने ते जास्त जोरात घसरतं, एवढंच. अश्वशक्ती खरी कामाला येते ती वेगात, डांबरी रस्त्यावर भरल्या ट्रॉल्या ओढताना.

मैदानात जिंकून देणारं वजन रानात नडतं. कृष्णाकाठची काळी चिकणमाती वापसा नसताना, म्हणजे फार ओली असताना दाबली की तिच्यातली हवेची पोकळी मिटते. वरच्या थराचं दबणं टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं, पण खालचा थर किती दबेल हे अॅक्सलवरच्या एकूण वजनावर. वरचं रोटाव्हेटरने मोकळं होतं. खालचं तसंच राहतं, खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या पुन्हा फुटलेल्या पिकाची) मुळं त्याच्यावरच अडतात आणि पाणी मुरत नाही. वाळवा, पलूस, मिरजेकडच्या ज्या रानांत निचऱ्याअभावी क्षार वर येतात, तिथे असा घट्ट थर म्हणजे दुखण्यात भर. पहिल्याच फेरीत सगळ्यात जास्त दबतं, त्यामुळे 'एकदाच तर गेलो' याला अर्थ नाही.

तेव्हा यात्रेहून आलेला ट्रॅक्टर रानात घालण्याआधी वजन किती ठेवायचं ते मोजून ठरवावं. मागच्या टायरवर खडूची रेघ मारा. नांगर उचलून, चाकाचे १० फेरे होईपर्यंत चाला आणि अंतर मोजा. मग नांगर लावून त्याच रानात पुन्हा १० फेरे. आधी ४३ मीटर आणि नंतर ३७ मीटर भरलं, तर घसरण १४ टक्के. नांगरटीला १० ते १५ टक्के ठीक. त्याच्या वर गेली तर डिझेल आणि टायर दोन्ही झिजतात, थोडं वजन लावा किंवा फाळ वर घ्या. ८ टक्क्यांच्या खाली आली तर वजन जास्त आहे. चाकाची वजनं दोन्हीकडून एकेक उतरवा, टायरातलं पाणी थोडं काढा आणि पुन्हा मोजा.