रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आणि विटॅमिन सप्लिमेंट

हार्टचा व्हॉल्व बदललेला, पायाच्या शिरेत गुठळी झालेली किंवा ठोके अनियमित पडतात (एट्रियल फिब्रिलेशन) अशा पेशंटला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या गोळ्यांच्या डब्यात शेजारीच मल्टीविटॅमिन, कॅल्शियम, बी-12, फिश ऑइल असं काहीतरी असतंच. या दोघांचं एकमेकांशी जमतं का, हे कुठली गोळी आणि कुठलं विटॅमिन त्यावर आहे. सरसकट सगळं बंद करायची गरज नसते, पण "विटॅमिनच तर आहे, त्याने काय होतंय" असं म्हणूनही चालत नाही.

गोळ्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या. पहिला प्रकार जुना, वॉर्फरिन आणि आपल्याकडे जास्त चालणारं ऍसिनोकुमारॉल, म्हणजे घराघरात माहीत असलेली ऍसिट्रॉम. दुसरा नवीन, एपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान वगैरे. तिसरा प्लेटलेटवर काम करणारा, ऍस्पिरिन (इकोस्प्रिन) आणि क्लोपिडोग्रेल, जे अँजिओप्लास्टी झालेल्यांना असतं. विटॅमिनचा खरा घोळ आहे तो पहिल्या प्रकाराशी, आणि तोही मुख्यतः एकाच विटॅमिनचा: विटॅमिन के.

हे विटॅमिन डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी शोधलं, चरबी नसलेलं खाणं दिलेल्या कोंबडीच्या पिल्लांना रक्तस्राव होतो हे बघून, त्यासाठी 1943 चं नोबेल त्यांना आणि एडवर्ड डॉइझी यांना मिळालं. वॉर्फरिनची कथा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची, तिथे कार्ल पॉल लिंक यांच्या लॅबने सडक्या स्वीट क्लोव्हर गवतातून गायींना रक्तस्राव करणारा पदार्थ वेगळा काढला, त्यावरून पुढे 1948 मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून वॉर्फरिन बाजारात आलं, 1954 मध्ये माणसांसाठी मंजूर झालं, आणि 1955 मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर तेच दिलं गेलं. उंदराचं औषध म्हणून घाबरायचं कारण नाही, सगळा खेळ डोसचा आहे.

लिव्हरमध्ये रक्त गोठवणारे काही फॅक्टर (2, 7, 9 आणि 10 नंबरचे) तयार व्हायला विटॅमिन के लागतं. वापरून झालेलं के शरीर परत वापरण्याजोगं करून घेतं आणि ऍसिट्रॉम नेमकं हेच काम अडवते. म्हणजे बाहेरून जास्त के आलं की गोळीचा जोर कमी पडतो, आणि के अचानक कमी झालं की तीच गोळी जास्त होते. किती पातळ झालंय ते पीटी-आयएनआर टेस्टवरून कळतं. एट्रियल फिब्रिलेशन किंवा शिरेतल्या गुठळीसाठी ते साधारण 2 ते 3 मध्ये ठेवतात, माइट्रलचा (हार्टच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला) मेटलचा व्हॉल्व असेल तर 2.5 ते 3.5. खाली गेलं तर व्हॉल्ववर गुठळी धरायची भीती, फार वर गेलं तर रक्तस्राव. म्हणून तर "सोम-बुध-शुक्र 2 मिलिग्रॅम, बाकी दिवस 3" असा डोस कॅलेंडरवर लिहून ठेवलेला असतो.

भारतात हा विषय मोठा असायचं कारण म्हणजे लहानपणच्या रुमॅटिक तापाने खराब झालेले व्हॉल्व. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने स्वस्तातला देशी व्हॉल्व बनवला, 1990 मध्ये तो पहिल्यांदा बसवला, त्यानंतर तो देशभर वापरला गेला. मेटलचा व्हॉल्व असलेल्याला नवीन प्रकारच्या गोळ्या चालत नाहीत, डॅबिगॅट्रानची तशी ट्रायल 2013 च्या आसपास मध्येच थांबवावी लागली होती. रुमॅटिक हार्ट असलेल्या एट्रियल फिब्रिलेशनमध्येही 2022 च्या इन्विक्टस ट्रायलमध्ये रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा जुन्याच गोळ्या सरस ठरल्या. त्यामुळे जुनी गोळी, आयएनआर आणि विटॅमिन केची भानगड इतक्यात संपत नाही.

आता सप्लिमेंट. विटॅमिन के असं मोठ्या अक्षरात लिहिलेली गोळी कोणी सहसा घेत नाही, ते येतं दुसऱ्याच गोळीतून. सध्या हाडांसाठी म्हणून लिहिलेल्या कॅल्शियम आणि डी3 च्या बऱ्याच गोळ्यांत के2 (विटॅमिन केचाच एक प्रकार) घातलेलं असतं, पुढच्या बाजूला नाव भलतंच, मागे बारीक अक्षरात "मेनाक्विनोन-7" किंवा "के2-7" आणि त्यापुढे 45 किंवा 90 मायक्रोग्रॅम. गुडघे दुखतात म्हणून हाडांचे डॉक्टर लिहून देतात, त्यांना ऍसिट्रॉमचं कोणी सांगितलेलं नसतं आणि हार्टवाल्यांना ही गोळी माहीत नसते. के2-7 शरीरात केच्या भाज्यांतल्या प्रकारापेक्षा (के1) बराच जास्त वेळ टिकतं. नेदरलँड्समध्ये निरोगी लोकांना ऍसिनोकुमारॉल देऊन केलेल्या अभ्यासात रोज 10 मायक्रोग्रॅम एवढ्याशा के2-7 नेसुद्धा काही जणांचं आयएनआर खाली आलं. माझ्या मते या सगळ्या विषयात स्ट्रिपची मागची बाजू वाचणं यासारखी उपयोगी सवय दुसरी नाही. कॅल्शियम आणि डी3 स्वतः काही करत नाहीत, के2 नसलेली गोळी मिळते, केमिस्टला तसं सांगितलं की झालं.

मल्टीविटॅमिनमध्ये के असतं कधी, नसतं कधी, आणि असलं तर साधारण 25 मायक्रोग्रॅमच्या आसपास. चांगलं जेवण असणाऱ्याला एवढ्याने फरक पडत नाही, पण ज्याच्या शरीरात के मुळातच कमी आहे त्याचं आयएनआर एवढ्यानेही खाली येऊ शकतं. उलट गंमत अशी की के कमी खाणाऱ्यांचंच आयएनआर जास्त वरखाली होतं, आणि इंग्लंडमध्ये केलेल्या एका अभ्यासात अशा पेशंटना रोज 150 मायक्रोग्रॅम के दिल्यावर आयएनआर जास्त स्थिर झालं. हे घरी करून बघायचं काम नाही, अमेरिकेतल्या छातीविकार तज्ज्ञांच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनी सरसकट असं द्यायला नको म्हटलंय. पण पालेभाजी पूर्ण बंद करायचा सल्ला चुकीचा आहे हे त्यावरून कळतं. एक कप कच्च्या पालकात साधारण 145 मायक्रोग्रॅम के, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज 90 ते 120, म्हणजे गोळीतल्या 25 ची भीती आणि ताटातल्या मेथी-पालकाचा हिशोब नाही असं व्हायला नको.

आपल्याकडे घोळ होतो तो सिझनमुळे. थंडीत मेथीची जुडी स्वस्त, मग रोज मेथी, पावसाळ्यात टाकळा, अळू, ऋषिपंचमीची भाजी, आणि नंतर नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा-भगर-बटाटा, ज्यात के जवळजवळ नाहीच. पालेभाज्यांच्या दिवसांत आयएनआर खाली, उपवासात वर. सोयाबीन तेलात के असतं, शेंगदाण्याच्या तेलात फारच कमी, तेल बदललं तरी थोडा फरक पडू शकतो. चहाची पत्ती सुकी असताना केने भरलेली असते पण उकळलेल्या चहात ते फारसं उतरत नाही, चहा बिनधास्त प्यावा. केळ्यात पोटॅशियम असतं, विटॅमिन के नाही, तरी लोक केळी सोडतात.

के नंतर बघायचं ते विटॅमिन इ. हे उलट दिशेने, म्हणजे रक्तस्रावाच्या बाजूला नेऊ शकतं. केसांसाठी, चेहऱ्यासाठी म्हणून हिरवी 400 वाली कॅप्सूल पोटात घेणारे खूप आहेत, तोंडाला लावली तर प्रश्न नाही. पुरावा मात्र सरळ नाही, वॉर्फरिनवाल्यांवरच्या एका छोट्या ट्रायलमध्ये 800 ते 1200 युनिट देऊनही आयएनआर हललं नाही, तर फिनलंडमधल्या सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांच्या मोठ्या अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम इ आणि सोबत ऍस्पिरिन घेणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त यायचं प्रमाण जास्त दिसलं. डॉक्टर म्हणूनच मोठा डोस टाळायला सांगतात. फिश ऑइलचंही तसंच, साध्या डोसला फारसं काही नाही, रोज अनेक ग्रॅम घेत असाल तर सांगितलं पाहिजे.

बी कॉम्प्लेक्स, बी-12, फॉलिक ऍसिड, डी3 नेहमीच्या डोसमध्ये चालतात, व्हॉल्ववाल्या शाकाहारी पेशंटचं बी-12 कमी निघालं तर ते इंजेक्शन किंवा गोळी टाळायचं कारण नाही (इंजेक्शन मांसात द्यायचं असेल तर नर्सला ऍसिट्रॉम चालू आहे हे आधी सांगायचं, नाहीतर दंडावर मोठा काळानिळा डाग पडतो). विटॅमिन सी ग्रॅमच्या हिशोबात घेतल्यावर गोळीचा जोर कमी झाल्याच्या तुरळक नोंदी आहेत, लिंबू-आवळ्याने तसं होत नाही. हळदीचंही असंच, भाजीतली ठीक, पण कर्क्युमिनच्या (हळदीतून काढलेला अर्क) कॅप्सूलबद्दल न्यूझीलंडच्या मेडसेफने (तिथली औषध नियंत्रण संस्था) 2018 मध्ये इशारा दिला, वॉर्फरिनवरच्या एका पेशंटचं आयएनआर हळदीचं प्रॉडक्ट सुरू केल्यावर 10 च्या वर गेलं होतं.

नवीन गोळ्यांवर विटॅमिन केचा परिणाम होत नाही कारण त्या थेट फॅक्टर 10 किंवा थ्रॉम्बिनला (फॅक्टर 2 चं कामाला लागलेलं रूप) धरतात, ऍस्पिरिन-क्लोपिडोग्रेलचंही तेच. त्यांच्यावर असणाऱ्यांनी पालकाचा विचार करायचा नाही, पण इ, फिश ऑइल, कर्क्युमिन, गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) यांचं रक्तस्रावाच्या बाजूचं वजन त्यांच्या बाबतीतही असतंच.

ऍसिट्रॉम किंवा वॉर्फरिनवाल्याने कुठलंही सप्लिमेंट सुरू करताना डॉक्टरला सांगून साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आयएनआर करून घ्यायचं, आणि बंद करतानाही तसंच, हे दुसरं लोक विसरतात: के2 वाली गोळी सहा महिने चालू होती, त्यावर ऍसिट्रॉम वाढवून बसवली होती, स्ट्रिप संपली म्हणून थांबवली की वाढवलेला डोस तसाच राहतो आणि आयएनआर वर चढतं. फरक एका रात्रीत दिसत नाही, फॅक्टर 7 काही तासांत कमी होतो पण फॅक्टर 2 ला दोन-तीन दिवस लागतात. डांबरासारखी काळी शौच, लाल लघवी, नाकातून न थांबणारं रक्त किंवा डोक्याला मार लागला असेल तर रिपोर्टची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. तिथे उतारा म्हणून गरजेप्रमाणे विटॅमिन केच देतात, पण मिलिग्रॅममध्ये, म्हणजे मल्टीविटॅमिनमधल्या केच्या चाळीसपट आणि त्याहून जास्त.