मोडेम लागला, पण नेट नाही

नेट बंद पडलं की बहुतेक घरांत तोडगा ठरलेला असतो: राऊटर बंद करायचा, दहापर्यंत मोजायचं, पुन्हा चालू करायचा. कधीकधी हे लागूही पडतं, म्हणून त्यावरची श्रद्धा अढळ आहे. (राऊटरला लिंबू-मिरची बांधण्यापेक्षा बरं, एवढंच.) पण ते कधीतरीच का लागू पडतं आणि एरवी का नाही, हे नीट कळतं ते डायल-अपच्या गेटवेवर. म्हणजे जुन्या पीसीवर लिनक्स टाकायचं, एकीकडे मोडेम, दुसरीकडे इथरनेट कार्ड लावायचं आणि एकाच फोनलाईनवर घरातले सगळे संगणक चालवायचे.

आता तक्रार ऐका. मोडेम किंचाळतो, समोरचा उचलतो, पासवर्ड चालतो, ‘पीपीपी०’ नावाची, थेट दोन टोकांमधली जोडणी उभी राहते, तिला आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा आकडी पत्ताही मिळतो. तरी एकही पान उघडत नाही. लोक लगेच लाईनला दोष देतात. पण पत्ता मिळाला याचा अर्थ लाईन काम करतेय! अडलंय ते राऊटिंग टेबलात, म्हणजे कुठल्या पत्त्यासाठी कुठली वाट घ्यायची त्या यादीत.

प्रत्येक पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, निघण्याआधी कर्नल (लिनक्सचा गाभा) हे टेबल पाहतो. समजा त्यात दोन ओळी आहेत. पहिली: १९२.१६८.१.०/२४, इथरनेटकडे. दुसरी: ०.०.०.०/०, म्हणजे डिफॉल्ट रूट, दुसरं काही जुळलं नाही तर घ्यायची वाट. तिरप्या रेघेनंतरचा आकडा सांगतो की पत्त्याच्या ३२ बिटांपैकी सुरुवातीचे किती जुळायला हवेत. पॅकेट २०३.०.११३.९ला जायचं असेल तर पहिल्या ओळीत २४ बिट जुळत नाहीत, ओळ बाद. दुसरीत शून्य बिट जुळवायचे आहेत. शून्याच्या मास्कशी (कुठले बिट बघायचे ते सांगणारा आकडा) कुठलाही पत्ता ‘अँड’ करा, म्हणजे बिटाला बिटाने गुणा, उत्तर शून्यच. म्हणून जगातला प्रत्येक पत्ता या ओळीत बसतो! मग १९२.१६८.१.७चं पॅकेटही तिथेच का जात नाही? कारण ते दोन्ही ओळींत बसतं, आणि जास्त बिट जुळणारी ओळ जिंकते. पोस्टाच्या पिनकोडसारखंच: ४११ने पत्र पुण्याला येतं, पण ४११०३० पाहिलं की ते सदाशिव पेठेच्याच थैलीत पडतं. एवढ्या एका नियमावर अख्खं इंटरनेट चालतं, आणि मला तो कितीही वेळा पाहिला तरी सुंदर वाटतो.

आपली गोची डिफॉल्टच्या ओळीत आहे. मोडेमची बाजू सांभाळणारा प्रोग्रॅम म्हणजे पीपीपीडी. त्याला ‘डिफॉल्टरूट’ हा पर्याय दिला असला, तरी टेबलात आधीच डिफॉल्ट असेल तर तो सहसा जुन्याला हात लावत नाही. लॉगमध्ये तसं लिहितो आणि गप्प बसतो. आणि जुना डिफॉल्ट कुठून आला? कुणीतरी इथरनेट कार्डालाही गेटवेचा पत्ता भरून ठेवलेला असतो, किंवा घरातल्या दुसऱ्या डब्याने डीएचसीपीवरून (आपोआप पत्ते वाटणारी सोय) ‘बाहेरची वाट माझ्याकडून’ असं कळवलेलं असतं. मग बाहेरची सगळी पॅकेटं निमूट घरातल्या तारेवर जातात आणि तिथेच संपतात. रिस्टार्ट केल्यावर कोण आधी उठतो, हा क्रम बदलला की निकालही बदलू शकतो. तोडग्याची जादू ती एवढीच. इथरनेटकडचा डिफॉल्ट काढून टाका, पीपीपी०कडे नवा घाला, दुखणं संपलं. नव्या ओळीत पुढचा पत्ता लिहायचीही गरज नसते, नुसतं ‘पीपीपी०’ पुरतं, कारण त्या तारेला दोनच टोकं असतात.

गेटवेवरून बाहेर पिंग (‘आहेस का?’ विचारणारं पॅकेट) जातो, पण आतल्या संगणकांवरून जात नाही? मग फॉरवर्डिंग, म्हणजे एका बाजूची पॅकेटं दुसऱ्या बाजूला सोडणं, बंद असेल. लिनक्समध्ये ते मुळात बंदच असतं. ते चालू करूनही उत्तर येत नसेल तर पीपीपी०वर टीसीपीडंप हा पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम लावून बघा. बाहेर पडणाऱ्या पॅकेटांवर १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर मास्करेडिंग, म्हणजे आतला पत्ता झाकून गेटवेचा लावणं, राहिलंय. हे पत्ते खासगी, घरोघरी तेच, त्यांच्याकडे परतीची वाट इंटरनेटवर नसतेच. आकड्यांना पिंग जातो पण नावांना नाही, तर राऊटिंग सोडा, नावावरून आकडी पत्ता शोधून देणारं डीएनएस बघा.

हे सगळं मोडेमबरोबर गेलं असं वाटत असेल तर घरातल्या फायबरची सेटिंग्ज उघडा. पुष्कळ ठिकाणी तिथे ‘पीपीपीओई’ लिहिलेलं सापडेल: तेच पीपीपी, इथरनेटच्या पाकिटात घातलेलं. त्यासाठी ८ बाइट खर्च होतात, म्हणून १५००ऐवजी १४९२ बाइटचंच पॅकेट मावतं. पिंग जातो, छोटी पानं उघडतात आणि मोठी मध्येच लटकतात, असं झालं तर हा आकडा आधी तपासा.