एलडीफ्लॅग्ज की एलडीलिब्ज?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांचे भाव घ्यायचे आणि त्यांची सरासरी, प्रमाण विचलन काढायचं, एवढंच काम करणारा भाव.सी नावाचा सी प्रोग्राम समजा. प्रमाण विचलन म्हटलं की वर्गमूळ आलं, म्हणजे एसक्यूआरटी आलं, म्हणजे मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) गणिताची लायब्ररी जोडणारं -एलएम (छोटा एल) आलं. विश्रामबागेतल्या एका पोराच्या मॅकवर हे निमूट बिल्ड होतं. शेजारच्या उबंटूवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी'. मग लायब्ररी नीट बसलीच नाही म्हणून पुन्हा इन्स्टॉल करण्यात अर्धी दुपार जाते. लायब्ररी जागेवरच असते. -एलएम चुकीच्या व्हेरिएबलमध्ये, एलडीलिब्जऐवजी एलडीफ्लॅग्जमध्ये, असतं.

मेकफाइल वाचून बिल्ड करणाऱ्या ग्नू मेकचा स्वतःचा लिंक करण्याचा नियम असा उलगडतो (सीसी म्हणजे कंपायलर, भाव.ओ म्हणजे कंपाइल झालेली ऑब्जेक्ट फाइल):

सीसी [एलडीफ्लॅग्ज] भाव.ओ [एलडीलिब्ज] -ओ भाव

एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलच्या आधी, एलडीलिब्ज नंतर. लिनक्सवरचा लिंकर (ऑब्जेक्ट फाइल आणि लायब्ररी जोडणारा) डावीकडून उजवीकडे वाचत जातो. -एलएम आधी आलं, तर तोवर कुणी एसक्यूआरटी मागितलेलंच नसतं. स्टॅटिक लायब्ररीतून तो मागणी असलेलेच तुकडे उचलतो, बाकी सोडून पुढे जातो. शेअर्ड लायब्ररीला पूर्वी हे चालून जायचं, पण उबंटूवर 11.10 पासून 'ॲज-नीडेड' (तोवर न मागितलेली लायब्ररी वगळायची) आपोआप लागू असतं, त्यामुळे तीही गळते. मॅकवर गणिताची फंक्शन्स मूळ सिस्टिम लायब्ररीतच असतात, म्हणून तिथे चूक झाकली जाते. (एसक्यूआरटीला थेट 2.0 दिलं, तर जीसीसी कंपायलर उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो आणि -एलएम नसलं तरी चालतं. असल्या प्रोग्रामवर चाचणी घेऊ नये.)

दुसरा फरक मालकीचा, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. कोणत्या लायब्ररी लागतात हे प्रोजेक्ट लिहिणाऱ्यालाच माहीत, म्हणून एलडीलिब्ज त्याचं. लिंक कसं करायचं, लायब्ररी कुठल्या फोल्डरात शोधायची (मोठा एल), सुरक्षेसाठी रेलरो (मेमरीचा काही भाग फक्त वाचण्यापुरता ठेवणारा पर्याय) लावायचं का, हे बिल्ड करणाऱ्याने ठरवायचं, ते एलडीफ्लॅग्ज. डेबियनचं पॅकेज बिल्ड करतानाचं टूल डीपीकेजी-बिल्डफ्लॅग्ज याच व्हेरिएबलमधून आपले पर्याय देतं. कुणी मेकला कमांड लाइनवर एलडीफ्लॅग्ज दिलं की मेकफाइलमधलं एलडीफ्लॅग्ज पुसलं जातं. तुमचं -एलएम त्यात असेल, तर तेही गेलं.

कंपायलरचे पर्याय ठेवणाऱ्या सीफ्लॅग्जचंही तेच: ऑप्टिमायझेशन, डिबग हे बिल्ड करणाऱ्याचं. ज्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही ते तिथे कोंबू नये.

बिल्डच्या इतर टूल्समध्ये नावं बदलतात. ऑटोकॉन्फमध्ये एलडीलिब्जच्या जागी लिब्ज असतं, ऑटोमेकमध्ये एलडीॲड. सीमेकमध्ये लायब्ररी टार्गेट_लिंक_लायब्ररीजमध्ये जाते, लिंकरचे पर्याय टार्गेट_लिंक_ऑप्शन्समध्ये. हे दुसरं सीमेक 3.13 पासून आलं. त्याआधीच्या सवयीने लोक अजून दोन्ही पहिल्यातच टाकतात. आणि -एलएम सरसकट लिहायचंही नाही, कारण विंडोजवर एमएसव्हीसीत (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर) गणिताची वेगळी लायब्ररीच नाही. मेसॉन या बिल्ड टूलमध्ये फाइंड_लायब्ररीला 'एम' विचारायचं आणि रिक्वायर्ड फॉल्स ठेवायचं: असली तर जोडतो, नसली तर पुढे जातो.